शिंद्याच्या पलंगाखालची वाइन

बरणीच्या तळाशी गाळ बसतो, तसे किस्से मनात बसून राहतात. जरा हलवलं की वर येतात. आम्ही सीवूड्सच्या एका सोसायटीतले तीन म्हातारे. डिसोझा, करावे गावचा म्हात्रे आणि मी, शिंदे. तिघांच्याही बायका गेलेल्या. डिसोझा घरी रेड वाइन करायचा. माझ्या गळ्यात माळ, मी थेंबाला शिवत नाही. पण जन्म फळबाजारात हमाली करण्यात गेला, म्हणून काळी द्राक्षं आणायचं काम माझं.

*

पहिल्या वर्षी मी द्राक्षं आणली आणि हौसेने सोलायलाच बसलो!

डिसोझाने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, सगळा रंग सालात असतो! सोलून काय, पाणी पिऊ?"

*

द्राक्षं चुरून बरणीत भरली की सालं फुगून वर येतात. ती सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने खाली दाबायची. डिसोझाचा गुडघा धरला तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

म्हात्रे दारातूनच ओरडला, "बगा रं, मालकरी दारू घुसलतंय!"

मी म्हटलं, "ताक घुसळणारी बाई ताक पितेच का?"

*

म्हात्र्याला धीर नव्हता. वाइन गाळून बाटल्यांत भरली आणि आठवड्यातच त्याने ग्लासभर घशात ओतली. तोंड वाकडं झालं.

"ही वाइन हाय का चिंचेचं पानी?"

"कच्ची आहे," डिसोझा म्हणाला. "अंधारात एकटी पडून राहिली की मऊ होते."

"मंग आपन कवाच मऊ झालो असतो!"

आम्ही खूप हसलो. मग डिसोझाने बाटलीला परत बूच लावलं.

*

त्या दिवसापासून बाटल्या माझ्या पलंगाखाली. आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. डिसोझा म्हणाला, "न पिणारा तू एकटाच!"

वाइन तयार झाली का, हे बघायलाही त्यानेच शिकवलं. ग्लास हळू फिरवायचा, वास घ्यायचा. "तोंड नको लावू. नाक काय माळकरी नाही ना!" कच्ची असली तर नाकाला आंबट झोंबते. तयार झाली की पिकल्या जांभळाचा वास, आणि मागून लवंगेचा.

"तो वास आला की सांग. तिघं मिळून पिऊ. तू नुसता बस."

*

मग म्हात्रे गेला. डिसोझाला मुलाने कॅनडाला नेलं.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला. "डॉक्टर विमानात बसू देत नाही, शिंदे. माझं येणं आता कठीण. बघ, तयार झाली असेल तर बिल्डिंगमध्ये वाटून टाक."

फोन उशीला टेकवून मी एक बाटली काढली. बूच उघडलं, ग्लासात थोडी ओतली, फिरवली. खोलीभर पिकलेली जांभळं. मागून लवंग.

"काय रे?"

"कच्ची आहे," मी म्हटलं. "झोंबते अजून. ठेवावी लागेल."

डिसोझाने नाक स्क्रीनजवळ आणलं, जणू वास घेतोय.

"मग ठेव," तो म्हणाला. "बूच नीट लाव."