बेंजो आणि बँजो

प्रज्ञावहिनींचा फोन आला तेव्हा मी बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, कॉफीच्या रांगेत उभा होतो. "भाऊजी, सिद्धार्थ गेले..." एवढंच त्या बोलल्या. रांग पुढे सरकली, मी तिथेच उभा राहिलो. त्याला आता महिना उलटून गेला.

सिद्धार्थ नागपूरचा, मी पुण्याचा. इथे परदेशात एकाच कंपनीत लागलो आणि पुढे एकाच इमारतीत राहायला आलो. आजारपणामुळे शेवटचं वर्ष तो घरीच होता. उपचारांनी इतका थकायचा, की हातात पुस्तक धरवत नसे. तेव्हा त्याला कॉलेजच्या हॉस्टेलमधला नागालँडचा रूममेट आठवला. तो मुलगा गिटारवर जुनी अमेरिकन कंट्री गाणी म्हणायचा. मागे राहिलेलं घर, दूर जाणारी आगगाडी, वाट पाहणारी आई... सिद्धार्थनं ती गाणी पुन्हा शोधून काढली. मी संध्याकाळी जायचो तेव्हा हॉलमध्ये तीच चालू असायची. "काय हे गुराख्यांचं ऐकत बसतोस?" मी एकदा चिडवलं. तो म्हणाला, "कामकरी माणसांची गाणी आहेत, राजा. इंग्रजीत आहेत, एवढंच."

त्याची मुलगी यशोधरा इथल्याच सेकंडरी शाळेत शिकते. तिला मराठी समजतं, उत्तर मात्र इथल्या, शेवटी 'ला' लावायच्या इंग्रजीत येतं. "पा, सो सॅड ला!" म्हणून ती त्या गाण्यांना नाक मुरडायची. तरी बाबांना वाचवत नाही म्हणून फोनवर शोधून त्या संगीताचा इतिहास तीच त्याला वाचून दाखवू लागली. एका रविवारी मी तिथेच होतो. बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतलं, गुलाम करून नेलेल्या माणसांनी ते अमेरिकेत पुन्हा घडवलं, गोऱ्यांनी ते त्यांच्याकडून घेतलं आणि पुढे ही सगळी गाणी गोऱ्यांचीच म्हणून विकली गेली... ती वाचत होती, आणि सिद्धार्थ उशीवरून उठून बसला.

"माझे बाबा बेंजो वाजवायचे," तो म्हणाला.

"आजोबा? कंट्री म्युझिक?" तिचे डोळे एवढे मोठे झाले, की तो खोकला येईपर्यंत हसला.

मग त्यानं सांगितलं. आपला बेंजो वेगळा, फक्त नाव तेवढं एक. लाकडी पेटी, खाली तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. रेल्वेच्या वर्कशॉपमधली पाळी संपली की आजोबा गायन पार्टीबरोबर भीमगीतं गात गावोगाव जायचे. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं जायचं, त्यांच्या वस्तीत जाऊन 'पोरांना शिकवा' म्हणून गायचे. काही गाणी त्यांनी स्वतः बांधली होती. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मीही हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सिंग वन," यशोधरा म्हणाली. त्यानं बसक्या आवाजात धरलं, 'शाळेची घंटा वाजली गं, चल लेकी लवकर'. तिनं आपल्या गिटारवर सूर शोधले. त्यानंतर मी गेलो की रोज हेच चाललेलं असायचं. ती 'शालेची' म्हणायची, तो 'ळ, बेटा, जीभ मागे ने' म्हणायचा. "कान्ट, ला!" ती वैतागायची. शेवटी तो म्हणाला, "बरं, तसंच म्हण. पण म्हण." आमच्या शेवटच्या भेटीत त्याचा आवाज पुरता गेला होता. ती गात होती आणि तो चादरीवर बोटांनी ठेका धरत होता.

पुण्यानुमोदनाच्या, त्याच्या स्मरणविधीच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही सगळे जमिनीवर बसलो होतो. गुडघ्यांमुळे त्याच्या आईंना नागपूरहून येता आलं नव्हतं. त्या व्हिडिओ कॉलवर होत्या. बुद्धवंदना संपली, आणि कुणीही न सांगता यशोधरानं गिटार घेऊन तेच शाळेचं गाणं धरलं. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्यात तिचा आवाज फुटला. ती थांबली... वहिनींनी तोंडाला पदर लावला.

टेबलावर टेकवून ठेवलेल्या फोनमधून आजींचा आवाज आला.

"काही चुकलं नाही बाई. इथं दमच घ्या लागते. तुहे आजोबा इथंच घेत, अन् तुहा बापबी."

यशोधरानं डोळे पुसले, खोल श्वास घेतला. मग पुढची ओळ दोघींनी मिळून उचलली.