पाठीमागे बांधलेले हात
परवा सुट्टीवर बदलापूरला आलो तेव्हा उल्हासनगरला मी पूर्वी काम करायचो त्या गॅरेजात डोकावलो, आणि रॉकेलने धुतलेल्या नट-बोल्टांचा वास येताच ती दुपार आठवली. परदेशात गाड्या तपासायच्या नोकरीसाठी माझा इथला डिप्लोमा मान्य व्हायचा होता. कागद पास झाले होते, प्रॅक्टिकल तेवढं बाकी होतं. बायको आधीच तिकडे नर्स म्हणून गेलेली, त्यामुळे नापास होऊन चालणार नव्हतं. सरावासाठी गॅरेजच्या सिंधी सेठनी स्वतःच्याच गाडीत मुद्दाम बिघाड करून ठेवले आणि समोर स्टूल टाकून बसले. मी बोनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल ढिलं दिसलं आणि बोलता बोलता पान्याने आवळूनही टाकलं. “अरे साईं, ये क्या किया?” सेठ ओरडले, “तुला फक्त बघून सांगायचं आहे. रिपेर केलं तर फेल!” पुढे वायपर सैल दिसला, तिथेही हात गेलाच. दिसलेली खराबी तशीच सोडणं म्हणजे आमच्या गॅरेजात कामचोरी. शेवटी सेठ उठले, फडक्याने माझे हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, “आता बोल.” मी गाडीभोवती फिरत नुसतं तोंडाने सांगत गेलो, हात शिवशिवत राहिले. खऱ्या परीक्षेतही तसाच पास झालो. तिकडे आजही मी हात मागे घेऊनच गाडी तपासतो. परवा सेठनी आपल्या गाडीचं बोनेट उघडलं, तेव्हाही तसाच उभा राहून म्हणालो, “सेठ, टर्मिनल ढिलं आहे.” त्यांनी पाना पुढे केला. “मग बघतोस काय? घरी आलायस ना!”