रजेची घंटा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा तर मागचे चार म्हणतात, आम्हाला का वगळता? परवा आमच्या चर्चच्या तरुण संघातली दोन नवी मंडळी घरी आली. चेहरे पार पडलेले. फौजी कुटुंबांतल्या मुलांमध्ये काम करतात बिचारी. "बाई, ही मुलं तोंडच उघडत नाहीत हो. आमचा काही उपयोग होतोय का?"

म्हटलं, बसा. चहा घ्या आणि आधी आमचं ऐका.

*

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात लष्कर भागातल्या आमच्या चर्चभोवती भाड्याच्या खोल्यांतून फौजी लोकांची बरीच बिऱ्हाडं होती. वडील सीमेवर, आणि आई मुलांच्या शाळेसाठी इथं. दर शनिवारी संध्याकाळी ही आठवी ते अकरावीची पोरं चर्चच्या हॉलमध्ये जमायची. ख्रिस्ती किती, हिंदू किती, ते कुणी विचारत नसे. चालवणारे आम्ही तिघं. मी शाळेत शिकवायची, दानिएल अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आणि मनोहर बायबल कॉलेजातून नुकताच शिकून आलेला. इस्त्रीची घडी न मोडलेला!

पहिल्याच शनिवारी मनोहरनं प्रार्थना घेतली. "उभे राहा, डोळे मिटा." सगळी पोरं सावधान! प्रार्थना चांगली लांबलचक झाली. शेवटी "आमेन" झालं, तरी कुणी हलेना. मनोहरला वाटलं, काय ही भक्ती! त्याचा चेहरा उजळला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, विश्राम म्हना की! पाय लई दुखाया लागलं."

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक प्रार्थना "आमेन, विश्राम" अशीच संपू लागली. चर्चच्या पाळकसाहेबांनी दोनदा नाक मुरडलं, मग एका रविवारी भर उपासनेत त्यांच्याच तोंडून निघून गेलं!

*

मग मनोहरनं धडा घेतला: देव आपल्या वडिलांसारखा आहे. कॉलेजात हा धडा म्हणे हमखास रंगायचा. इथं मारुती उठला. हा सांगोल्याकडचा, घरी मेंढरं, वडील फौजेत शिपाई.

"म्हंजे देव बी वर्षातनं एकदाच रजेवर येतो व्हय, सर?"

मनोहरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घाम पुसत तो माझ्याकडे बघतोय, मी अण्णांकडे बघतेय, अण्णा छताकडे.

उत्तर दिलं शैलानं. करकंबची पोर, वडील हवालदार. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मारुत्या, आपलं वडील हितं नसत्यात म्हनून काय आपलं नसत्यात व्हय? तितं हुबं ऱ्हात्यात ते कुनासाठी?"

मनोहरनं पुस्तक मिटलं. त्या दिवशी त्याला पुढे काही शिकवताच आलं नाही, आणि मला तर आजही तो धडा याहून चांगला घेता येत नाही.

*

वडिलांची बदली कुटुंब नेता येईल अशा ठिकाणी झाली की बिऱ्हाड हलायचं, आणि या बदल्यांनी मात्र जीव नकोसा व्हायचा. दोन वर्षं पोरांना जीव लावायचा, आणि एक दिवस काळ्या ट्रंकांवर नवा पत्ता रंगवलेला दिसायचा. एकदा अण्णा अगदी चिडून एका निघालेल्या पोराला म्हणाले, "जावा! आमाला इसरा आनि ऱ्हावा सुखात!"

पोरगं ट्रंकेवर बसून शेंगदाण्याची चटणी खात होतं. शांतपणे म्हणालं, "अण्णा, आमाला निघायची सवय हाय. इसरायची न्हाय."

अण्णा तोंड फिरवून कितीतरी वेळ नळावर हात धूत बसले.

*

आता घंटेचं. आमच्या चर्चची घंटा रविवारी वाजायची, नाहीतर कुणी वारलं तर. एके दिवशी दुपारी ती अचानक ठणाणा वाजायला लागली. पाळकसाहेब जेवणावरून उठून धावले, मी शाळेतून धावले. गल्लीतल्या बायका दारात येऊन विचारतायत, "कोन गेलं? कोन गेलं?"

दोराला मारुती लटकलेला. "कोन गेलं न्हाय! आमचं आबा आल्यात! रजेवर!"

मला वाटलं, आता पाळकसाहेब याचा कान उपटणार. ते त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पुन्हा वाजव. मघाशी नीट ऐकू नाही आलं."

तेव्हापासून रिवाजच पडला. ज्याचे वडील रजेवर येतील, त्यानं घंटा वाजवायची. बायका घराघरांतून ओरडायच्या, "कुनाचं आलं गं?" आणि वाजवणाऱ्यानं नाव सांगायचं. मग त्या घरी कुणी वाटीभर कालवण पाठवी, कुणी गरम भाकरी.

*

पुढे युद्ध सुरू झालं. शैलाचे वडील त्यात गेले. तार आली त्या दिवशी आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. मनोहरनं वाटेत बायबलमधली वचनं घोकली होती. दारात पोचल्यावर एकही आठवेना. अण्णांनी पाणी भरलं, मी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या, मनोहर तिच्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसला. नवीन मंडळींनो, एवढंच केलं आम्ही. दुसरं काही येतच नव्हतं.

परतताना अण्णा म्हणाले, "रजेची घंटा आता बंद. पोरीच्या कानावर पडाया नको." पाळकसाहेबांनीही मान हलवली. अण्णांनी दोर गुंडाळून उंच खिळ्याला अडकवला. रविवारपुरता तेवढा तो खाली यायचा. पोरांपैकी कुणी काही विचारलं नाही. मधल्या काळात काहींचे वडील येऊनही गेले असतील, आम्हाला पत्ता लागला नाही.

युद्ध संपून काही महिने झाल्यावर शैला पहिल्यांदा सभेला आली तो शनिवार. मारुती खाली मान घालून बसलेला. ती थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मारुत्या, तुमच्या दारात ते फौजी बूट कुनाचं वाळत टाकल्यात?"

मारुतीनं मान आणखी खाली घातली.

शैलानं स्टूल उचललं, बाहेर नेलं, त्यावर चढून खिळ्यावरचा दोर सोडवला. अण्णा थांबवायला उठले. मी त्यांचा हात धरला. मागोमाग सगळे बाहेर आले, तशी ती दोर मारुतीपुढे धरून म्हणाली, "वाजीव."

मारुती रडायलाच लागला. "मला न्हाय जमायचं गं."

मग तिनंच दोर दोन्ही हातांनी धरला आणि घंटा वाजवली. जोरजोरात. किती दिवसांनी ती तशी वाजत होती!

घराघरांतून आवाज आले, "कुनाचं आलं गं? कुनाचं आलं?" बायका दारात आल्या, दोराशी शैला दिसली, आणि सगळी गल्ली गप्प झाली.

शैलानं पदरासारखी ओढणी खांद्यावर टाकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मारुतीचं आबा आल्यात!"