सारंगांची बिनपायडलाची सायकल

दादू सारंगांना वादात हरवलंय असा माणूस आंजर्ल्यात नाही. ते बरोबरच असतात असं नव्हे, पण समोरचा कंटाळून घरी जातो. उभा जन्म जहाजावर गेला, जहाज सोडलं तेव्हा सारंग, म्हणजे इंजिनरूममधल्या खलाशांचे मुकादम, होते, म्हणून गाव अजून सारंगच म्हणतं. आमच्या घरांपुढच्या दोन खळ्यांच्या मधे जास्वंदीच्या कुंपणाची एक वई आहे आणि तिला कान आहेत असं सारंगांचं म्हणणं आहे. ते माझ्याबद्दल असतं.

जगातलं कुठलंही बंदर काढा, सारंग तिथे जाऊन आलेले असतात. त्यातलं रॉटरडॅम त्यांचं खास लाडकं. तिथे म्हणे राजापासून पाववाल्यापर्यंत सगळे सायकलवरून फिरतात आणि सारंगांनीही एकदा सुट्टीच्या दिवशी अख्खं शहर सायकलवरून पालथं घातलं होतं. सायकल धरून उभे असलेल्या सारंगांचा फोटो त्यांच्या ओटीवर लावलेला आहे. त्यांची मुलगी ईशा हीच गोष्ट ऐकत जेवली, हीच ऐकत झोपली आणि मोठी होऊन पुण्याला नोकरीला लागली.

गेल्या वर्षी सारंगांच्या रक्तात साखर निघाली. दापोलीच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सारंग चालायचे, पण भेटेल त्याच्याशी बोलत, म्हणजे उभेच असायचे. हौसाकाकीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे ईशाला फोनवर सांगितलं. ईशाने सांगितलं काही नाही, सरळ सायकल पाठवलीन.

खोकं दापोलीपर्यंत आलं आणि तिथून आंब्याची कलमं आणणाऱ्या टेम्पोतून आमच्या वाडीत. सायकल देखणी होती. समुद्रासारखा रंग, मधली दांडी खाली वाकवलेली, म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाला पाय फार उचलायला नको. सारंगांनी हत्यारांची पेटी काढली आणि इंजिनरूममधला माणूस काय असतो ते आम्हाला दाखवलं. हँडल बसवलं, पुढचं चाक बसवलं, ब्रेक ओढून पाहिले. मी, रघू सुतार आणि काकी बघत होतो. मग ते खोक्यात हात घालून काहीतरी शोधायला लागले. खोकं उलटं केलं. हलवलं.

"काय शोधताय?" काकीने विचारलं.

"पायडल."

"थर्माकोलात बघा."

थर्माकोलात नव्हते. जिथे पायडल असायचे तिथे दोन्ही बाजूंना एकेक रिकामं भोक तेवढं होतं. सारंगांनी लगेच ईशाला फोन लावला आणि सवयीप्रमाणे स्पीकरवर ठेवला, म्हणून आम्हालाही कळलं.

"अहो बाबा, भारीतल्या सायकलींना पेडल देतच नाहीत. ज्याला जसे हवे तसे तो घेतो. तुम्ही दापोलीत बसवून घ्या ना, लगेच मिळतील."

"मी घेणार नाही," सारंग म्हणाले.

"का?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे. उद्या जहाज बांधून देतील आणि सांगतील, मागचा पंखा तुमच्या आवडीचा बसवा!"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे ते चहाच्या टपरीवर, देवळात, सोसायटीच्या सभेत आणि एका बाराव्याच्या जेवणातही बोललं गेलं. गाव त्यांच्या बाजूचं झालं. पायडल नाही ती सायकल कसली, तो तर नुसता घोडा, असं बहुतेकांचं मत पडलं. आडवा गेला तो एकटा रघू.

"सारंग, तुमच्या बापाने होडी घेतली तेव्हा वल्ही बरोबर आलेली काय?" टपरीवर त्याने सगळ्यांदेखत विचारलं.

"म्हणजे?"

"वल्ही माझ्या आज्याने वेगळी करून दिलेलीन. तुमच्या बापाच्या हाताच्या मापाने. तुमच्या चुलत्याला ती लांब पडायची. मग पायडल ज्याच्या त्याच्या पायाचे असले तर बिघडलं कुठे?"

सारंगांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "होडी पाण्यात चालते." यातून काय सिद्ध झालं ते मला आजतागायत समजलेलं नाही. पण रघूला होडीच्या कामाला जायचं होतं, तो उठून गेला, आणि वाद सारंगांनी जिंकला.

मग ते दापोलीला गेले. हर्षदचं सायकलीचं दुकान एसटी स्टँडापासून जवळच. मलाही बाजार करायचा होता, म्हणून मी बरोबर होते. हर्षदने चार जातींचे पायडल काढून समोर मांडले. तेवढ्यात कृषी विद्यापीठात शिकणारा विनीत म्हणून एक मुलगा आला. त्याच्या पायात खाली लोखंडी खुंटी असलेले बूट होते, फरशीवर खडखड वाजणारे. हर्षद म्हणाला, "ह्यालाच विचारा."

"काका, सायकल घेतली की मी पहिलं काम पेडल काढून टाकायचं करतो," विनीत म्हणाला. "माझे बूट पेडलमध्ये अडकवायचे असतात. कंपनीचे पेडल नुसते घरात पडून राहतात. फुकट वस्तू, फुकट कचरा."

"मग बूट पण कंपनीनेच द्यायला हवेत."

"बूट कसे देतील? प्रत्येकाचा पाय वेगळा."

"तेच म्हणतोय मी," सारंग म्हणाले. खरं तर ते उलटं म्हणत होते. विनीत गोंधळला.

"पण साध्या सायकलींना पायडल मिळतात हो, सारंग," हर्षद म्हणाला. "सायकल जितकी भारी, तितकं कमी देतात. न स्टँड, न घंटी, न मडगार्ड. मी हे दोन बसवून देऊ? संध्याकाळपर्यंत चालवायला लागाल."

सारंग पायडलांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला जरा चमत्कारिक वाटला, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागल्यासारखा. "नको," ते घाईने म्हणाले. "आज घेतले तर कंपनी जिंकली." आणि तरातरा स्टँडाकडे निघाले.

कंपनीला फोन सुरू झाले. तिकडून शमिका नावाची मुलगी बोलायची. पहिल्यांदा ती 'सर' म्हणायची, नंतर 'काका' म्हणायला लागली आणि शेवटी शेवटी साखर किती आहे ते विचारायची. वईच्या पलीकडून मला सगळं ऐकू यायचं. सारंग तिला जहाजी हिंदीत कायदा शिकवायचे आणि ती शांतपणे सांगायची की वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय, पेडल समाविष्ट नाहीत. "मुली, लिहिलंय म्हणून खरं असतं का?" यावर ती तेच पान पुन्हा वाचून दाखवायची.

या सगळ्यात सायकल पडवीत उभी होती. निदान सारंगांची तशी समजूत होती.

एका सकाळी मी सुरूच्या बनात सरपणाला गेले तर पुळणीवर काहीतरी निळं सरकताना दिसलं. ओहोटी होती, वाळू ओली आणि चपातीसारखी सपाट. नीट पाहिलं तर हौसाकाकी. ईशाचा जुना पंजाबी ड्रेस घातलेला, सीट पार खाली आणलेली, आणि दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत काकी सायकलवर बसून चाललेली. दोन ढांगा टाकायच्या, पाय उचलायचे, सायकल सर्रकन पुढे. डुगडुगली की पाय खाली. पुन्हा दोन ढांगा.

"काकी गो!" मी ओरडले.

काकीने ब्रेक दाबलान आणि माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलंन.

"ह्यांना सांगू नको. ते फोनवर असतात तेवढ्यात येते मी. मग गोड्या पाण्याने धुऊन ठेवते, खारं लागायला नको."

"पण पायडल नाहीत तर शिकतेस कशी?"

"नाहीत म्हणूनच जमतंय," काकी म्हणाली. "आड्याला माहेरी भावाची सायकल होती. एकदा चोरून बसले, तर पायडल असे लागले पोटरीला की रक्तच आलं. बाबांनी परत हात लावू दिला नाही. आता बघ, लागायला काय नाहीच. आधी तोल येतो, पायांचं काम मागाहून." तिने पुन्हा दोन ढांगा टाकल्या. पदर नव्हता तरी सवयीने खोचायला हात कमरेकडे गेला आणि सायकल वाकडी होऊन ती हसत उतरली. काकीला इतकं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग माझंही सरपण रोज त्याच बाजूला मिळायला लागलं.

शेवटी कंपनी शरण आली. शमिकाने वरच्या साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण पायडलांची जोडी एका छोट्या खोक्यातून सारंगांच्या नावाने आली, फुकट. सारंगांचा विजय बाजारपेठेत पोचायला वेळ लागला नाही. वाडीतून उतरणाऱ्या दगडी पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल उचलून खालच्या सपाट रस्त्यावर आणली गेली, पंधरावीस माणसं जमली. सारंगांनी स्वतः पायडल बसवले. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, तो उलटाच पिळायचा असतो, हे बसवता बसवता त्यांनी सगळ्यांना समजावलं. मग ते पुन्हा समजावलं. मग चेनीला तेल घातलं. मग हवा बघितली.

"आता एक फेरी होऊ द्या, सारंग," रघू म्हणाला. "रॉटरडॅमसारखी."

"वारा आडवा आहे," सारंग म्हणाले.

झावळसुद्धा हलत नव्हती.

"गुडघा पण जरा... आणि सीट खाली कशी झाली ही? कंपनीने..." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि पाय काही उचलत नव्हता. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दापोलीतला तो चेहरा, ते फोन, ते तत्त्व! लोक एकमेकांकडे बघायला लागले. रघूनेही थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं.

"अहो, सरका," काकी मागून पुढे आली. "सायकल ठीक आहे की नाही ते मी बघते. तुमचा गुडघा दुखतो ना."

आणि बसली. पहिल्या पावलाला डुगडुगली, पायडल एकदा सुटला, पुन्हा सापडला, आणि मग हौसाकाकीची सायकल चालायला लागली. शाळेपर्यंत गेली. वळायला अजून येत नव्हतं म्हणून खाली उतरली, सायकल हाताने फिरवली, पुन्हा बसली आणि परत आली. सारंगांच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला झाली नाही, पण बघितलं. तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. हे दृश्य बघायला अख्ख्या गावाने यायला हवं होतं.

"बरी आहे सायकल," काकी म्हणाली. "चला, चहा टाकते."

त्या संध्याकाळी दोघं ओटीवर बसली होती आणि मी वईला पाणी घालत होते. पाणी जरा जास्तच घातलं.

"हौसा," सारंग हळूच म्हणाले. "रॉटरडॅमला मी सायकलवर बसलो नव्हतो. कोणाची तरी धरून नुसता फोटो काढलेला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. फोटोत तुम्ही तिला अशी धरलीय जसा काय मारका बैल. शिंगं सोडली तर अंगावर येईल."

मग सारंगांनी विचारलं: "तुला शिकवलंन कोणी?"

"कोणी नाही. तुम्ही पायडल घेत नव्हता, त्यानेच शिकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारंग पान्हा घेऊन पुळणीवर दिसले. काकीने हुकूम सोडला होता, आधी पायडल काढा. एवढ्या भांडणाने मिळवलेले पायडल त्या माणसाने स्वतःच्या हाताने काढले, डावा उलटा पिळून, आणि खिशात ठेवले. मग बसले आणि लंगडी घातल्यासारखे ढांगा टाकायला लागले. काकी मागून सीट धरून, "खाली बघू नका, समोर बघा, अहो समोर!"

रघू होडीकडे चालला होता. तो थांबला.

"काय सारंग, पंखा काढलात?"

"जहाज दुरुस्तीला गोदीत घेतलंय," सारंग समोर बघतच म्हणाले, आणि वाळूत पडले. उठले, अंग झटकलं, परत बसले. हे मात्र मानलं पाहिजे. त्या वयात, त्या पुळणीवर, गावासमोर पडायला जहाजावरची छाती लागते.

पावसाळ्याआधी त्यांना येऊ लागलं. आता त्यांचं मत नवं आहे, आणि ते जुन्याइतक्याच जोरात मांडलं जातं: सायकलबरोबर पायडल दिलेच पाहिजेत, पण बसवून देता कामा नयेत, खोक्यात द्यावेत, म्हणजे आधी तोल शिकता येतो. हे त्यांनी शमिकाला फोन करून कळवलं. ती म्हणाली, काका, ह्याची नोंद करून घेते. रघूला त्यांनी सांगितलं की होडीचं उदाहरण तसं चुकीचं नव्हतं, फक्त त्याने ते चुकीच्या वेळी दिलं.

साखर उतरली आहे. सायकल एक आणि माणसं दोन, म्हणून सकाळी थोडी कुरबूर होते. जिंकते बहुधा काकी.

परवा ती एकटीच आड्याला भावाकडे गेली. वाटेत पाडल्याच्या चढावर उतरून ढकलीन म्हणाली, त्यात काय लाज. सारंग दुपारभर पाखाडीच्या तोंडाशी बसून होते. रस्त्याने जाईल त्याला थांबवून सांगत होते, "हौसा आड्याला गेलीय. सायकलवरून. येईलच एवढ्यात." कोणी विचारलं नव्हतं. उन्हं उतरली तशी ते दर थोड्या वेळाने उठून वळणापर्यंत जाऊन यायला लागले. मी म्हटलं, "काका, फोन करा ना."

"चालवताना फोन उचलू नये," ते म्हणाले, आणि पुन्हा वळणाकडे निघाले.