पत्र्यातले फादर

घर मिळू नये म्हणून इतक्या उत्साहाने झटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भूकंपानंतर किल्लारीकडच्या खेड्यांत मदत करणाऱ्यांची रीघ लागली होती. बहुतेक जण फोटो काढून संध्याकाळच्या आत परतत. लातूरच्या कॉलेजातली पोरं आणि जुन्या साड्यांचा ट्रक घेऊन मीही गेलो होतो, तेव्हा मिरवण्यात माझाही थोडा वाटा होताच. हे फादर मात्र केरळातून दोन सिस्टर, एक सायकल आणि औषधांची एक पेटी घेऊन आले, आणि गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे राहिले ते राहिलेच.

त्यांना तिथे नवा मिशनरी संघ स्थापायचा होता. ती स्थापना मी डोळ्यांनी पाहिली. कोनशिला नाही, मंत्री नाही, फेटे नाहीत. फादर स्टुलावर चढून पत्र्यावर पांढऱ्या रंगाने तीन नियम लिहीत होते आणि दर ओळीनंतर खाली उडी मारून मला दाखवत होते. "सर, बघा बघा! अख्खा संघ एका पत्र्यात बसला!" पहिला नियम, गाव खाईल ते खायचं. भात-मासळीवर वाढलेले फादर त्यासाठी ज्वारीची भाकरी थापायला शिकले. ती लांब आणि चिंचोळी, थेट केरळच्या नकाशासारखी व्हायची. दुसरा, विचारल्याशिवाय कुणाला उपदेश करायचा नाही. हा त्यांना सर्वांत जड गेला. कुणी नुसतं "काय म्हणता फादर?" म्हटलं, की ते त्याला प्रश्न समजून तासभर बोलत. आणि तिसरा, गावातला शेवटचा माणूस पक्क्या घरात निजायला जाईपर्यंत आपण पत्र्यातच राहायचं.

त्यांचं मराठी शेजारच्या शेडमधल्या सोजरआज्जीकडून आलेलं. घरातली सगळी माणसं गमावलेली ही म्हातारी फादरांना रोज एक शब्द आणि दोन शिव्या शिकवी. त्यामुळे त्यांची प्रार्थनाही "देवा, लई उपकार केलास, आता उलसा पाऊस बी धाड" अशी चाले. तिकडे सिस्टर खाली मान घालून हसू दाबत.

यथावकाश गाव नव्या घरांत गेलं. सोजरआज्जीलाही घर मिळालं. तिने त्यात कडबा रचला, शेळी बांधली आणि स्वतः पत्र्यातच राहिली. स्लॅबखाली निजायची धास्ती बसली असेल, असं सगळ्यांनी धरलं आणि तिला कुणी छेडलं नाही. फादर तर मुळीच नाही. "विचारलं की तिला वाटंल आपण घाई करायलोय," ते म्हणत. झालं, तिसरा नियम तिथे अडकला. सहा उन्हाळे गेले. दुपारी त्या शेडमध्ये देवाचं नावसुद्धा ओठांवर वाळून जाई, आणि फादर घाम पुसत म्हणत, "मजा हाय सर, मजा हाय!"

तोवर लातूरला क्लासेसचा बहर आला होता. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, आमच्यासारखे मास्तर आदरणीय झाले. केरळातल्या मूळ संघाच्या मोठ्या फादरांचं पत्र आलं: नाताळपर्यंत फादर-सिस्टरांना राहायला आश्रमाची पक्की इमारत उभी राहिली नाही तर इथलं काम बंद, फादरांनी लातूरला येऊन क्लासच्या मुलांचं तीन मजली वसतिगृह सांभाळावं, सिस्टरांनी दोन वेगळ्या गावी जावं. फादरांनी पत्र मला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच त्यात त्यांना काही मजा दिसली नाही.

नाताळच्या आधी मोठे फादर जीपने आले. इस्त्रीचा पांढरा झगा, हातात फाइल. दुभाष्या म्हणून मी होतो. मी त्यांना पत्र्यावरचा तिसरा नियम वाचून सांगितला, तसे ते शेजारच्या शेडकडे पाहून म्हणाले, "त्या बाईंना कुणी कारण विचारलंय का?" सहा वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

मी गेलो. "आज्जी, घरात निजायला का जात न्हाईस? भ्या वाटतंय का?"

"भ्या कशाचं, मास्तर?" म्हातारी खेकसली. "ह्यो पादरी आन ह्या दोन लेकी मायबाप सोडून आपल्यापायी पत्र्यात भाजायल्यात. शेजाऱ्याला घर न्हाई आन म्या स्लॅबखाली पाय पसरून निजू? इतकी बेशरम हाय व्हय म्या?"

फादर आणि आज्जी, दोघांनी मिळून सहा वर्षं एकमेकांना भाजून काढलं होतं, निव्वळ सौजन्याने. मी अर्थ सांगितल्यावर मोठ्या फादरांनी फाइल मिटली. झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि उन्हाला दोष दिला.

त्यांनी एक वर्ष वाढवून दिलं. गावकऱ्यांनी अंगमेहनत करून तीन खोल्या बांधल्या. गृहप्रवेशाला पुन्हा वाद: "आज्जी, आधी तू." "न्हाई, आधी तू!" शेवटी ठरलं, थाळी वाजली की दोघांनी एकदमच आपापला उंबरा ओलांडायचा. थाळी वाजवायला मोठे फादर मुद्दाम आले होते. मी पाहिलेलं तेवढं एकच उद्घाटन, ज्यात पाहुणा कामाला आला.

सोजरआज्जी गेली ती चार वर्षांनी, तिच्या पक्क्या घरात. मी पोचलो तेव्हा फादर तिच्या उंबऱ्यावर बसले होते, शेळीची दोरी हातात धरून. मला पाहून म्हणाले, "ह्या बारीला थाळीची वाट न्हाई बघितली तिनं, सर."