लाल पुठ्ठ्याचा वारा

रंगमंचावर मला एकच काम होतं: पुठ्ठे धरणं.

माझी मुलगी मुक्ता सातपूरच्या एका समूहगान गटात गाते. स्वमग्न मुलं आणि कॉलनीतली इतर मुलं तिथे एकत्र गातात. हातवाऱ्यांपेक्षा रंग सोपे, म्हणून गाणी बसवणाऱ्या वैद्यबाईंनी पुठ्ठे केलेत. हिरवा दिसला की गायचं, लाल दिसला की थांबायचं. पिवळा दिसला की शेवटची ओळ मुक्ताने एकटीने गायची. लोकांसमोर ती आजवर एकटी गायली नव्हती. घरात दुसरा विषय नव्हता.

बाईंचे हात पेटीवर, म्हणून पुठ्ठे माझ्याकडे आले.

"जमेल ना?" बायकोने विचारलं.

"मी वर्तमानपत्र काढलंय," मी म्हणालो. (एकट्याने नव्हे. पण तो तपशील तेव्हा गाळला.)

एप्रिलची दुपार. घरघरीचा काही मुलांना त्रास होतो, म्हणून पंखे बंद. डाव्या हातात हिरवा पुठ्ठा छातीशी धरलेला, उजव्यात लाल, काखेत पिवळा. पहिलं कडवं उत्तम झालं. मग घाम डोळ्यांत उतरला, आणि उकाड्यात हाती पुठ्ठा असलेला माणूस जे करतो तेच मी केलं. वारा घेतला.

लाल वर आला, गाणं थांबलं. खाली गेला, गाणं सुरू. पुन्हा वर, पुन्हा शांतता. मुलं शिस्तीची होती. शब्द अर्ध्यात तुटू लागले.

"पेटी बिघडली वाटतं," पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले.

मलाही तेच वाटलं. बाईंच्या काळजीने मला आणखी घाम फुटला, म्हणून मी आणखी जोरात वारा घेतला!

"बाबा, वारा घेऊ नकोस. आम्हाला थांबावं लागतं." मुक्ताला हळू बोलणं मान्य नाही. सभागृह हसलं. माझ्या हातातले, काखेतले सगळे पुठ्ठे सांडले. तिने त्यातला पिवळा उचलला, स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि शेवटची ओळ गायली. एकटीने, अगदी सुरात. (हे बायकोने सांगितलं. मी पेटीखालून हिरवा काढत होतो.)

नंतर मी बाईंना म्हणालो, "पुढच्या वेळी नीट लक्ष देईन."

"आपल्याकडे प्रत्येकाला जागा आहे, दादा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमची प्रेक्षकांत."

कुणालाच न वगळणाऱ्या गटातून वगळलं जाणं सोपं नसतं. मला दोन कडवी पुरली.