गुरुवारचं आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीत बिनलग्नाची बाई हा सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायचा विषय असतो. कुणाचा ताप चार दिवसांत उतरतो, कुणाची बदली थांबते; माझं न झालेलं लग्न मात्र वर्षानुवर्षं यादीत टिकून होतं. दर गुरुवारी संध्याकाळी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये बायकांची प्रार्थनासभा भरायची. आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, मी तळायचे, चहा मी टाकायचे, आणि मग डोळे मिटून त्या माझ्यासाठी नवरा मागायच्या. सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायची ती माझी आई.

मी शाळेत गणित शिकवते, स्वतःच्या स्कूटीवर फिरते आणि एकटी मजेत आहे, हे सांगून माझं तोंड दुखलं होतं. एकदा आईला म्हटलं, “बायबलातल्या प्रेषित पौलानं तरी कुठं लग्न केलं होतं?”

“पौल देशोदेशी फिरत होता,” आई कणीक तिंबत म्हणाली. “तू सिव्हिक सेंटरच्या बाजारापर्यंत जाते.”

एका गुरुवारी मात्र महिला मंडळाच्या सेक्रेटरी काकूंनी कहर केला. चरोद्याला राहणारे त्यांचे विधुर दीर येत्या रविवारी आमच्याकडे चहाला येणार आहेत, हे त्यांनी प्रार्थनेतच देवाला कळवलं. देवाला म्हणजे मला. आईचं आमेन शेजारच्या क्वार्टरपर्यंत गेलं असेल. माझं डोकं फिरलं.

आमच्याकडे प्रार्थना पाळीपाळीनं होते आणि प्रत्येक मागणीला सगळ्या आमेन, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणतात. शेवटाकडे, पोटात भूक आणि नाकात आलूगुंड्यांचा वास असला, की ते आपोआप निघतं. शेवटची पाळी माझी होती.

“प्रभू, आजाऱ्यांना बरं कर.”

“आमेन.”

“रात्रपाळीला गेलेल्यांना सुखरूप घरी आण.”

“आमेन.”

“तुझ्या या लेकीला एकटीच सुखात ठेव, आणि तिच्यासाठी स्थळं आणणाऱ्यांना दुसरं काही काम दे.”

“आमेन!”

मग एकेक डोळा उघडला. “हे तं चीटिंग झाली!” काकू म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, आमेन वापस घेता येते का? यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पाळकबाईंनी, म्हणजे पाळकांच्या पत्नीनं, आलूगुंडा संपवून निकाल दिला: देवापुढे म्हटलं ते म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं. मग आईकडे लक्ष गेलं. ती आमेन म्हणालीच नव्हती.

सगळ्या गेल्यावर आई कपबशा विसळत होती. “बाकीच्यायचं आमेन तू चोरलं,” ती म्हणाली. “माझं नाई भेटत.”

“कावून?”

“मी गेल्यावर या घरात तुयाशी भांडाले कोन राहीन?”

मला भांडायला आयतं कारण मिळालं होतं, पण मी फडकं घेऊन कपबशा पुसायला लागले. खरं सांगते, मला फक्त तिचंच आमेन हवं होतं. बाकीच्यांचं मी गंमत म्हणून घेतलं होतं.

रविवारी दीर आले नाहीत. काकूंनी दिलेल्या आमेनचा मान राखला. आई आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलली.

पुढच्या गुरुवारी आईची पाळी आली तेव्हा मी कान टवकारून बसले. तिनं पदर डोक्यावर घेतला.

“प्रभू, इतके वर्स मी इच्यासाठी नवरा मागत होती. ते आता राहू दे. पोरगी सुखात हाय, मले दिसते. भेव मलेच वाटते. तेवढं काढून घे.”

सगळ्याजणी आमेन म्हणाल्या. गेल्या गुरुवारी खोलीभर बायकांकडून आमेन उकळणारी मी. मी डोळे उघडून आईकडे बघत बसले आणि माझंच आमेन राहून गेलं.

आईनं मिटल्या डोळ्यांनीच मला कोपर मारलं. “म्हन ना,” ती कुजबुजली, “आलूगुंडे थंडे होऊन राहिले.”